बेचाळीस मुक्काम

हिब्रू धर्मग्रंथातील ज्या पुस्तकास मराठी बायबलात 'गणना' म्हणतात, त्याचे मूळ नाव 'बमिदबार', म्हणजे 'अरण्यात'. मिसरच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक ४० वर्षे रानात काढतात, त्याची ही कथा. ग्रंथकाराने त्यांना देवमाणसे केलेले नाही, हा त्याचा मोठा गुण. ती रडतात, कुरकुरतात. मिसरातले मासे, काकड्या, कांदा, लसूण सारे त्यांना आठवते. तिथली वेठबिगार मात्र आठवत नाही! मनुष्यस्वभावाची ही पारख कोणाही कादंबरीकाराने हेवा करावा अशी आहे.

मग यात आशा कुठे? माझ्या मते ती ३३व्या अध्यायातील रूक्ष यादीत आहे. तेथे प्रवासाचे ४२ मुक्काम ओळीने नोंदले आहेत. कित्येक ठिकाणी काय घडले याचा एक शब्दही नाही. तरी नाव गाळलेले नाही. फुकट गेलासा वाटणारा मुक्कामही वाटचालीच्या हिशेबात धरला आहे. थकलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा कोणता?

आणि शेवट पाहा. पुढच्या 'अनुवाद' या पुस्तकात मोशे नबो डोंगरावरून वचनदत्त भूमी डोळे भरून पाहतो आणि अलीकडेच देह ठेवतो. तोरेची पाचही पुस्तके तिथेच संपतात. गोड शेवटाची सवय जडलेल्या वाचकाला हे खटकेल. पण सभास्थानात वर्षाचे तोरावाचन संपते, त्याच दिवशी सृष्टीच्या उत्पत्तीपासून ते पुन्हा सुरू होते. पोहोचण्याआधी ग्रंथ मिटतो खरा. वाट मात्र मिटत नाही.