तिसरं आवर्तन

आमचे व्हायोलिनचे गुरुजी फार कमी बोलत. टिळकवाडीतल्या त्यांच्या घरी मी आठ वर्षं शिकायला जात होते. लग्नानंतर शिकणं सुटलं, पण गुरुपौर्णिमेला जाणं सुटलं नाही. अशाच एका पौर्णिमेला मी सोबत एक सीडी घेऊन गेले. मुलीनं आयर्लंडहून पाठवलेली, मार्टिन हेझ या फिडलवादकाची. मला तिनं वेड लावलं होतं. गुरुजींनी डोळे मिटून तीन गती ऐकल्या आणि म्हणाले, "हात गोड आहे. चालही छान. पण तेच तेच वाजवतोय की गं. पुढे काय?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या पौर्णिमेला गुरुजी नव्हते. प्रश्न मात्र राहिला. नंतर कितीही वेळा ती सीडी लावली, तरी एक कान संगीताकडे आणि एक कान गुरुजींच्या त्या "पुढे काय?"कडे, असंच व्हायचं.

म्हणून परवाच्या उन्हाळ्यात लिमरिकला मुलीकडे गेले आणि ती म्हणाली, "आई, तुझा मार्टिन हेझ जवळच वाजवतोय, तिकीट काढू?" तेव्हा आनंद झाला, आणि थोडी भीतीही वाटली. आवडता कलाकार प्रत्यक्ष ऐकणं म्हणजे परीक्षाच. त्याची नव्हे, आपल्या आवडीची. गुरुजीच खरे ठरले तर?

आधी थोडी ओळख करून देते. दुकानात या संगीतावर 'केल्टिक' अशी चिठ्ठी लावलेली असते. तिथले लोक तसं फारसं म्हणत नाहीत, ते 'ट्रॅड' म्हणतात, म्हणजे परंपरेचं. आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर नावाचा परगणा आहे. त्याच्या पूर्व भागात फीकल गावाजवळच्या एका वाडीत १९६२ साली मार्टिन हेझ जन्मला. वडील पी. जे. हेझ शेतकरी आणि फिडलवादक. १९४६ साली सुरू झालेल्या टुल्ला केली बँडचे ते कितीतरी वर्षं आधारस्तंभ होते. 'केली' म्हणजे गावकऱ्यांचा नाच. पूर्वी हे नाच घरोघरी, स्वयंपाकघरातल्या दगडी फरशीवर होत. १९३५ साली सरकारनं कायदा करून सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा केला. त्याचा बडगा घरच्या नाचांवरही पडला आणि संगीत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये गेलं. हॉल मोठा, म्हणून वाद्यं जास्त, म्हणून आवाज मोठा. असे ते बँड वाढले.

इथे बायकांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. क्लेअरमध्ये कॉन्सर्टिना, म्हणजे हातात मावणारी छोटी भात्याची पेटी, ही बरीचशी बायकांच्या हातची. किलरशच्या मिसेस क्रॉटी तर त्यासाठी देशभर प्रसिद्ध झाल्या. पी. जे. हेझ आणि त्यांचे नातलग पॅडी कॅनी यांची १९५९ सालची जी तबकडी आजही जाणकार जपून ठेवतात, तिच्यावर पियानोला ब्रिडी लॅफर्टी आहेत. फिडलवाल्यांची नावं सगळ्यांना पाठ, पियानोवालीचं मुद्दाम सांगावं लागतं. हे आपल्याला नवीन नाही.

तर कार्यक्रम रात्री आठचा. मुलगी म्हणाली, "आई, तुझं जेवण?" मी घड्याळ बघितलं आणि हसू आलं. तिथे जूनमध्ये सूर्य दहाला मावळतो! बटाट्याच्या देशात आमच्यासारखीला खायला काय मिळणार म्हणून दशम्या आणि शेंगाचटणी डब्यात घेतलीच होती. हॉलबाहेरच्या बाकावर बसून स्वच्छ उन्हात आम्ही जेवलो. अशी निवांत मैफल मला बेळगावात कधी मिळाली नव्हती.

हॉल लहानसाच, दीडशे खुर्च्यांचा. पुढे लाकडी फळ्यांच्या मंचावर एक खुर्ची आणि एक माइक. एकच खुर्ची बघून मला चुकल्यासारखं झालं. माझ्या सीडीवर दोघं होते. 'द लोन्सम टच', १९९७. फिडलवर हेझ, गिटारवर शिकागोचे डेनिस केहिल. हे केहिल म्हणजे साथीचा आदर्श. दुसरा गिटारवाला जिथे दहा सूर भरेल तिथे ते एक ठेवत, तोही विचारून ठेवल्यासारखा. जून २०२२ मध्ये ते गेले. हे मला माहीत होतं, तरी मी त्यांच्या जागेकडे बघतच राहिले.

हेझ आले, बसले, थोडं बोलले, फिडल हनुवटीखाली न दाबता सैलसं धरलं आणि सुरू झाले. आता मी जे ऐकलं ते नीट सांगते, कारण वाद तिथेच आहे.

या संगीतातली गत अगदी छोटी असते. दोन भाग, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा, प्रत्येक दोनदा. झाली एक फेरी. अशा दोन किंवा तीन फेऱ्या, आणि मग न थांबता दुसरी गत. आलाप नाही, विस्तार नाही, तान नाही. गुरुजींचं बरोबरच होतं. आपल्याकडे रागात शिरलं की जागा वाढत जाते. इथे कुंपण ठरलेलं. चाल शंभर वर्षं जुनी, सगळ्या गावाला पाठ. मग वाजवणाऱ्याला करण्यासारखं उरतं काय?

त्यांनी एक जिग घेतली. जिग म्हणजे आपल्या दादऱ्याच्या जवळची, तीन-तीनची चाल. पहिली फेरी अगदी साधी, शिकवणीत वाजवावी तशी. मी मनात म्हटलं, झालं, आता हेच. दुसऱ्या फेरीत गज लांब झाला. पहिल्यांदा वेगवेगळे आलेले दोन सूर एका गजात आले, त्यांच्यामध्ये अगदी बारीक मींड आली. चाल तीच, पण चालणारा थोडा थकलेला वाटला. तिसऱ्या फेरीत, वरच्या सुराला चाल चढते त्या जागी ते आले. आम्हा सगळ्यांना तो सूर माहीत झाला होता. आणि तो त्यांनी वाजवला नाही. त्याच्या एक पायरी खाली थांबले, गज जवळजवळ हलत नव्हता, आणि खाली उतरून आले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडून "हं" असा आवाज निघाला. आपल्याकडे मैफिलीत निघतो अगदी तसा.

न वाजवलेला सूर ऐकू यायचा असेल तर तो आधी दोनदा वाजलेला असावा लागतो. पुनरावृत्ती कशासाठी, हे मला त्या क्षणी कळलं. सीडीवर हेच असणार, नव्हे, आहेच. मी नंतर पुन्हा ऐकून बघितलं. पण भांडी घासताना ऐकलं की चाल तेवढी कानात राहते, निवड निसटते. समोर माणूस बसलेला असला की त्याची निवड दिसते. ठिपक्यांची रांगोळी घ्या. ठिपके सगळ्यांचे सारखेच, पण कुणाच्या दारातली कुणी काढली हे आपण रस्त्यावरून ओळखतो ना?

दुसरी गोष्ट वेगाची. हेझ हळू वाजवतात, नाचाचं संगीत त्यांनी बसून ऐकण्याचं केलं, अशी तक्रार जुनी आहे. मलाही ती थोडी पटत होती. पण सीडीवर पाय दिसत नाहीत! प्रत्यक्षात दोन्ही पाय आळीपाळीनं फळ्यांवर पडत असतात. वरचा गज कितीही रेंगाळो, खाली टाच चुकत नाही. वडिलांच्या बँडचा नाच गेलेला नाही, तो कमरेखाली उतरलाय. क्लेअरचे लोक ज्याला 'लोन्सम टच' म्हणतात, आपण ज्याला हुरहूर म्हणू, ती या दोहोंच्या ओढाताणीतून येते असं माझं मत झालं. नुसतं संथ वाजवून ती आली असती तर कुणालाही जमलं असतं.

मग सीडीवरची पहिली गत आली, 'पॉल हेपेनी'. माझी सगळ्यात लाडकी. तिच्यात गिटारचा सूर कुठे पडतो हे मला श्वासासारखं पाठ आहे. त्या जागा आता रिकाम्या. त्यांनी त्या भरायचा प्रयत्न केला नाही. मला त्या जागी गिटार ऐकू येत होती, अगदी स्पष्ट. त्यांना येत होती का, कोण जाणे. माझ्याजवळ रुमाल नव्हता, मुलीनं आपली ओढणी पुढे केली.

सगळंच गोड झालं असं मात्र म्हणणार नाही. शेवटी एक लांब माळ झाली, गतीमागून गत, वेग वाढत वाढत. अशीच एक माळ त्यांच्या १९९९ च्या सिएटलच्या ध्वनिमुद्रणात आहे, पंचवीस मिनिटांहून लांब. तिथला शेवटचा वेग हळूहळू कमावलेला वाटतो. इथे लोकांनी मध्येच टाळ्यांचा ठेका धरला आणि चाल त्या टाळ्यांच्या मागे गेली. बारीक सूर बुडाले. सगळा हॉल उभा राहिला, मी बसून राहिले.

गाडीत मी हे बोलून दाखवलं. मुलगी म्हणाली, "नाचायचंच संगीत आहे की आई ते. लोक नाचले तर तुझं काय बिघडलं?" तिचंही खरं आहे. ते त्यांच्या घरचं आहे, मी पाहुणी. तरी माझं मत मी बदललं नाही. शेवटची पाच मिनिटं हॉलची होती, गतीची नव्हती.

बाहेर साडेदहाला अजून उजेड होता. दगडी कुंपणं, त्यांच्यामधली छोटी छोटी शेतं. मी गुरुजींना मनातल्या मनात उत्तर देऊन बघितलं. म्हटलं, पुढे काही नाही हो गुरुजी, तुम्ही म्हणालात ते बरोबर. पण तुम्ही तीन गती ऐकल्यात. एकच गत तीनदा ऐकायला हवी होती, आणि त्या दिवशी ती मी तुम्हाला ऐकवली नाही. चूक माझीच. ते यावर काय म्हणाले असते मला माहीत नाही. बहुधा "पुन्हा लाव" म्हणाले असते.

तुम्हाला ऐकायचं असेल तर एवढंच करा. 'द लोन्सम टच' लावा, पहिली गत. हातातलं काम बाजूला ठेवा. पहिल्या फेरीत चाल पाठ करा, दुसरीत गज ऐका. तिसरीत फक्त थांबा, आणि काय आलं नाही ते बघा. कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत ती गत संपते. तेवढा वेळ आपल्याला कुणी नाही म्हणत नाही.