सातीच्या स्वरलिपीतील शब्द

एरिक साती (१८६६–१९२५) ह्या फ्रेंच संगीतरचनाकाराच्या पियानोरचनांत स्वरचिन्हांलगत जी विक्षिप्त वाक्ये आढळतात, ती केवळ विनोदासाठी लिहिलेली आहेत असे सामान्यतः मानले जाते. सातीच्या वागण्यातील चमत्कारिकपणामुळे ह्या मताला बळकटी आली, हे खरे. परंतु ही वाक्ये कोणाला उद्देशून आहेत, हा प्रश्न विचारला म्हणजे ते मत अपुरे ठरते.

पाश्चात्त्य स्वरलेखनात वादकाला द्यावयाच्या सूचनांची एक रूढ परिभाषा आहे. ती बव्हंशी इटालियन असून गती, नादाचा जोर व भाव ह्यांपुरती मर्यादित आहे. तिच्यातील संज्ञांना आज्ञार्थाचे मूल्य असते. 'सावकाश' म्हणजे 'सावकाश वाजवा'. १८९० च्या 'ग्नोसियेन' रचनांत सातीने ह्या जागी अनपेक्षित फ्रेंच शब्दप्रयोग योजले. 'वाळलेले भ्रूण' (१९१३) ह्या कृतीत तर दातदुखी झालेल्या नाइटिंगेलप्रमाणे वाजविण्याची सूचना आहे. तिचे रूप आज्ञेचे आहे; तिचे पालन कसे करावे हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. अशा रीतीने परिभाषेचा अधिकारच प्रश्नास्पद होतो.

ह्याच कृतीच्या दुसऱ्या भागात एक स्वरावली शूबर्टच्या प्रसिद्ध मझुर्केतील असल्याचे लिहिले आहे. वस्तुतः शूबर्टने मझुर्का रचलीच नाही. ती स्वरावली शोपँच्या प्रसिद्ध शोकसंचलनावरून घेतलेली आहे. विधान व ध्वनी ह्यांतील ही विसंगती ज्याच्यापुढे कागद आहे त्यालाच उमगते. श्रोत्याला केवळ ओळखीचे स्वर ऐकू येतात.

हा भेद सातीला अभिप्रेत होता. 'अर सेक्युलेर ए ॲंस्तांताने' (१९१४) ह्या कृतीत वादन चालू असता मजकूर मोठ्याने वाचण्यास त्याने स्पष्ट मनाई केली आहे. देब्युसीनेही 'प्रेल्यूद'च्या दोन भागांत (१९१०, १९१३) शीर्षके रचनेच्या अखेरीस छापली. पण तेथे शब्द स्वरांनंतर येतो, सातीच्या कृतींत तो स्वरांच्या सोबत व मूकपणे चालतो. वादक हा एकाच वेळी वाचकही बनतो.

ह्या पद्धतीच्या मर्यादा नाकारता येत नाहीत. ज्या वाक्यांची मौज संदर्भज्ञानावर अवलंबून आहे, ती संदर्भ लोपताच फिकी पडतात. 'स्पोर ए दिव्हेर्तिस्मां' (१९१४) हा संग्रह मात्र ह्या दोषापासून बराच मुक्त आहे. शार्ल मार्तँच्या चित्रांसाठी रचलेल्या ह्या छोट्या रचनांत वाक्य व स्वरावली परस्परांना पूरक आहेत. १९२३ मध्ये हा संग्रह सातीच्या हस्ताक्षरासह प्रसिद्ध झाला, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. कारण कागद हा येथे कलाकृतीचाच घटक आहे.

मैफलीत निवेदकाकडून ही वाक्ये वाचून घेतल्यास श्रोत्याला हसू येईल, पण कृतीची घडण मोडेल. ती न वाचल्यास श्रोत्याच्या वाट्याला कृतीचा एक अंशच येईल. सातीने ही किंमत जाणूनबुजून पत्करली होती. त्याला विनोदी लेखक ठरविणारी समीक्षा नेमका हाच निर्णय दृष्टीआड करते.