शिवालिकचे कासव आणि पुराणकथेची साक्ष

शिवालिक टेकड्यांत ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांना एका महाकाय भूचर कासवाचे अश्मीभूत अवशेष मिळाले. या नामशेष प्रजातीस त्यांनी १८३७ मध्ये ‘मेगॅलोकेलिस’, म्हणजे ‘महाकच्छप’, असे नाव दिले. १८४४ मध्ये तिचे वर्णन ‘कोलोसोकेलिस ॲटलस’ या नावाने केले. विष्णूचा कूर्मावतार आणि गरुडाने उचललेले कासव यांसारख्या कथांचा दाखला देऊन, हा प्राणी मानवकालाच्या आरंभापर्यंत जिवंत असावा, असे अनुमान फाल्कनर यांनी मांडले. पुराणकथेत लुप्त प्राण्याची स्मृती शोधण्याचा मोह अद्याप ओसरलेला नसल्याने या अनुमानाची तपासणी अगत्याची ठरते.

आदिपर्वात त्या कासवाची उंची तीन योजने व घेर दहा योजने सांगितला आहे. परंतु त्याच्याशी झुंजणारा हत्तीही सहा योजने उंच आहे. हत्ती तर कवीच्या नित्य परिचयाचा. परिचित प्राण्याचे माप जेथे असे वाढते, तेथे कासवाचे माप प्रत्यक्ष दर्शनाचा पुरावा ठरत नाही.

शतपथब्राह्मणाची साक्ष अधिक निर्णायक आहे. अग्निचयनात वेदीमध्ये जिवंत कासव ठेवावयाचे असते. त्याचे खालचे कवच ही पृथ्वी, कडांशी वाकलेले वरचे कवच हा द्युलोक आणि मधला भाग अंतरिक्ष, असे तेथे म्हटले आहे. ‘कूर्म’ शब्द ‘कृ’ धातूपासून साधून कूर्म म्हणजेच कश्यप, असे समीकरणही मांडले आहे. व्युत्पत्ती म्हणून याचे मूल्य काहीही असो, विचाराची दिशा मात्र स्पष्ट होते. विश्वाची प्रतिमा येथे आकृतीतून व शब्दातून उभी राहते. तिला वेदीत मावणारे कासव पुरेसे होते.

फाल्कनर यांनी तुटक अवशेषांवरून कवचाची लांबी बारा फुटांहून अधिक धरली होती. नंतरच्या अभ्यासाने ती सुमारे दोन मीटरवर आली. ही प्रजाती लक्षावधी वर्षांपूर्वीच लुप्त झाली, हेही आता ज्ञात आहे. तथापि लुप्त प्राणी व मानव समकालीन होते काय, हा त्यांचा प्रश्न मोलाचा होता. १८५८ मध्ये इंग्लंडमधील ब्रिक्सहॅम गुहेच्या उत्खननास त्यांनीच चालना दिली. तेथे लुप्त प्राण्यांच्या अस्थींसमवेत चकमकीच्या दगडाची हत्यारे सापडली आणि त्या प्रश्नास होकारार्थी उत्तर मिळू लागले. हे उत्तर भूस्तरांनी व हत्यारांनी दिले. कथेची साक्ष ती रचणाऱ्यांच्या कल्पनाविश्वाविषयी घ्यावी. प्राण्याच्या कालनिर्णयासाठी ती ग्राह्य धरता येत नाही.