धार आहे, कान नाही

अकोटच्या मंडपात विनोदाला तोटा कधीच नव्हता. गणेशोत्सव असो, शारदोत्सव असो की कॉलेजचं गॅदरिंग, प्रहसन आहे म्हटलं की लोक लवकर जेवून जागा धरतात. तरीही ‘बोल्ड’ म्हणून मिरवणारी प्रहसनं आणि स्टेजवर ऐनवेळी रचलेले प्रवेश इथं वारंवार पडतात. मग कलावंतांचं ठरलेलं उत्तर येतं: तालुक्याचं पब्लिक सोवळं आहे, त्याला धार सोसत नाही. हे निदान साफ चुकीचं आहे.

आधी एक गल्लत दूर करू. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीला ‘अतिशय निर्लज्ज कांदेपोहे’चा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला, मार्चमध्ये विनोदवीर कुणाल कामराच्या विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली. ती झुंडशाही होती, प्रेक्षकांचा कौल नव्हे. प्रयोग पडतो तेव्हा खुर्च्या फुटत नाहीत. मागच्या रांगेतले उठून पानठेल्यावर जातात, पुढच्या बाया पोरांना पाणी पाजू लागतात, आणि शिवीनंतर हशासाठी सोडलेली जागा रिकामीच राहते.

धार सोसणं वऱ्हाडाला नवं नाही. गाडगेबाबा १८७६ साली जन्मले ते शेंडगावी, अकोटच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. त्यांच्या कीर्तनाला संहिता नसे. प्रश्न टाकायचा, गर्दीतून येईल ते उत्तर उचलायचं, त्यातूनच पुढचा प्रश्न काढायचा. नवसाला बोकड कापणं, कर्ज काढून सण करणं यावर ते समोरच्यांचीच उलटतपासणी घेत. लोक हसत आणि हसता हसता आपल्याच तोंडून कबुली देऊन बसत. आजच्या कुठल्याही ‘बोल्ड’ प्रयोगाहून ते बोलणं जहाल होतं. पण दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडणारा माणूस रात्री बोलायला उभा राही. टोचण्याचा हक्क त्यानं कमावलेला होता. १९५६ मध्ये मुंबईत झालेल्या त्यांच्या अखेरच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. नटांनी त्यातली श्रोत्यांची उत्तरं ऐकावीत. कीर्तन त्या उत्तरांवरच पुढे सरकतं.

तमाशातली बतावणी याच जातीची. १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये वसंत सबनीसांची संहिता भक्कम होती, तरी दादा कोंडके समोरचं पब्लिक पाहून त्यात भर घालत. शिकागोतल्या ‘सेकंड सिटी’नं १९५९ पासून प्रेक्षकांकडून विषय मागून प्रवेश रचण्याची रीत रुजवली, तिचाही पाया ऐकणं हाच. आपली मंडळी त्यातलं ऐनवेळी बोलणं तेवढं उचलतात.

पडण्याची कारणं इथंच सापडतात. शहरातल्या छोट्या, अंधाऱ्या खोलीत तिकीट काढून आलेल्या समवयस्कांसाठी बेतलेला विनोद उघड्या मंडपात तसाच आणला जातो. तिथं आजी, सून, नातू एकत्र बसलेले असतात. माणसं एकमेकांना घराण्यासकट ओळखतात. कुणाच्या रूपावर, जातीवर मारलेला टोमणा थेट शेजाऱ्याला लागतो. दुसरं, नुसत्या बोलीवरची भिस्त. वऱ्हाडीत ‘मले-तुले’ म्हटलं की टीव्हीवर हशा पिकतो. अकोटात तर सगळेच तसं बोलतात. भारत गणेशपुरे ‘चला हवा येऊ द्या’मध्ये गाजले ते नुसत्या हेलामुळे नाही, तर त्या बोलीमागचा बेरकी, हजरजबाबी माणूस त्यांना ठाऊक होता म्हणून. हास्यकवी डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्सप्रेस’ गावोगाव धावली, कारण तिच्यात शेतकऱ्याच्या घरचंच दुखणं होतं.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवात दरवर्षी प्रहसनं होतात. पोरांमध्ये ताकद आहे, पण बसवणं परीक्षकांसाठी असतं आणि महोत्सव संपला की प्रहसनही संपतं. तीच प्रहसनं अकोट-तेल्हाऱ्याच्या मंडपांत पुन्हापुन्हा व्हायला हवीत. पडलेला प्रयोग दुसऱ्या गावात दुरुस्त होतो, तिसऱ्यात उभा राहतो. एका प्रयोगात कुणी सोंगाड्या झालेला नाही. कापसाचा भाव, पीकविमा, मतं मागायला येणारा पुढारी यांवर नीट नेम धरून वार केला, तर हे पब्लिक टाळ्याही देईल आणि पुढचं वाक्यही पुरवेल. ते उचलता येणं हीच या कलेची खरी परीक्षा आहे, आणि ती देण्याआधी प्रेक्षकाला नापास करण्याचा अधिकार कुणालाच नाही.