‘अकु-अकु’मधील पाषाणप्रयोग : एक चिकित्सा

थॉर हेयरडाल यांचा ‘अकु-अकु’ हा ग्रंथ म्हणजे १९५५-५६ मधील ईस्टर बेटावरील मोहिमेचा वृत्तान्त होय. ‘मोआई’ या महाकाय पाषाणमूर्ती यंत्राविना कशा हलविल्या व उभारल्या, हा त्यातील एक प्रमुख प्रश्न आहे.

अनाकेना येथे नगरप्रमुख पेद्रो आतान यांच्या नेतृत्वाखाली १२ बेटवासीयांनी लाकडी तरफांनी मूर्ती किंचित उचलायची, खाली दगड सारायचे, पुन्हा तरफ लावायची, या क्रमाने १८ दिवसांत मूर्ती उभी केली. तर्काची जागा येथे प्रत्यक्ष कृती घेते. हे ग्रंथाचे बलस्थान आहे.

वहनाच्या प्रयोगाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. सुमारे १८० जणांनी आडवी मूर्ती ओढली. मूर्ती ‘चालत’ गेल्या, हे बेटवासीयांचे कथन लेखकाने दंतकथा म्हणूनच नोंदविले. पुढे १९८६ मध्ये अभियंता पावेल पावेल यांच्यासह स्वतः हेयरडाल यांनी उभी मूर्ती दोरांनी डोलवीत सरकविली. टेरी हंट व कार्ल लिपो यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १८ जणांनी ४.३५ टनांची प्रतिकृती ४० मिनिटांत १०० मीटर ‘चालविली’.

तथापि प्रयोगाने केवळ शक्यता सिद्ध होते. तिला इतिहासाचा दर्जा मिळण्यासाठी वाटेवर पडलेल्या मूर्तींचा तळ, झुकाव व भंग यांची साक्ष आवश्यक ठरते. बेटवासीयांच्या हातांवर विश्वास ठेवणाऱ्या लेखकाने त्यांच्या शब्दांची मात्र परीक्षा केली नाही, ही या ग्रंथाची मूलभूत मर्यादा होय.