रूपकाचा पडदा आणि न्यायासन

सत्तेला रुचणार नाही ते पडद्याआडून सांगावे, ही रीत एलिझाबेथकालीन इंग्रज कवींना चांगलीच अवगत होती. मेंढपाळांच्या साध्या संवादांतून थोरामोठ्यांच्या कारभाराकडे अंगुलिनिर्देश करता येतो, असे पटनमने १५८९ सालीच लिहून ठेवले आहे. कवीने नाव घ्यावयाचे नाही आणि अधिकाऱ्याने ओळख दाखवावयाची नाही. कारण ओळख दाखविणे म्हणजे आरोप अंगाला लावून घेणे. हा अलिखित करार मोडेही. १५९९ साली कँटरबरी व लंडनच्या धर्मगुरूंच्या हुकमाने उपहासकाव्ये जाळण्यात आली. तरीही करार होता, आणि त्यानेच त्या काव्याची वीण संपन्न केली.

परकी सत्तेखालील मराठी कवितेला असा करार लाभला नाही. १८९७ च्या टिळक-खटल्यात 'केसरी'तील शिवाजीच्या तोंडची कविता न्यायालयापुढे आली ती इंग्रजी भाषांतरातून. पंचांत सहा युरोपीय व तीन हिंदी होते. कौलही सहा विरुद्ध तीन असाच पडला. अनुवादाचा व्यवसाय करणाऱ्या प्रस्तुत लेखकास ही आकडेवारी अद्याप अस्वस्थ करते. परंतु सारा दोष भाषांतरावर ढकलता येत नाही. १९०९ साली गणेश दामोदर सावरकरांना काव्यप्रकाशनाबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात न्यायमूर्ती चंदावरकरांनी देवांची व शिवाजीची नावे ही केवळ निमित्ते ठरविली. त्यांना मराठी येत होते. आणि त्यांचे वाचन, खरे बोलावयाचे तर, चुकीचे नव्हते. ते अपुरे होते.

खेद याचा, की तेच वाचन आपल्या समीक्षेने पुढे चालविले. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी आली. कीचक म्हणजे कर्झन, भीम म्हणजे जहाल पक्ष, ही सरकारी किल्ली आपण देशाभिमानाने आजही फिरवीत असतो. स्पेन्सरच्या ड्युएसामध्ये जेम्स राजाला स्वतःची आई दिसली व तो संतापला. म्हणून इंग्रज समीक्षक तेवढ्यावर थांबले नाहीत. 'कीचकवधा'त तर अज्ञातवास हाच मुळी पेच आहे. ओळख पटली की पांडवांचा पण मोडतो. ओळख लपविली की भरसभेत द्रौपदीची विटंबना पाहावी लागते. धर्माचा संयम आणि भीमाचा संताप यांतील खरे नाट्य येथे आहे, आणि उघड बोलू न शकणाऱ्या नाटककाराची स्वतःची अवस्थाही येथेच आहे. कीचकाला कर्झनचा मुखवटा चढविला, की नेमके हेच दृष्टीआड होते.