‘चाचे’ या शब्दाचे राजकारण : मुंबई दप्तरातील रास अल् खैमा

मुंबई सरकारने इ.स. १८५६ मध्ये आपल्या दप्तरातील निवडक कागदांचा चोविसावा खंड प्रसिद्ध केला. इराणी आखातातील अरब जमातींविषयीचा हा मोठा साधनग्रंथ होय. रास अल् खैमा हे कासिमींचे बंदर डिसेंबर १८१९ मध्ये मुंबईहून गेलेल्या सैन्याने जिंकले व जानेवारी १८२० मध्ये तेथील शेखांशी तह झाला. पुढे बुशहरच्या रेसिडेंटने या किनाऱ्यावर नजर ठेवली. शेखांची भांडणे, वारसाहक्क, मोत्यांचा हंगाम असे सारे स्थानिक व्यवहार ‘समुद्रावरील शांतता’ या एकाच मापाने मोजले गेले.

येथे मराठी वाचकास कान्होजी आंग्रे आठवावेत. दस्तक न घेणारे जहाज अडविणे हा सरखेलांचा अधिकार; मुंबईकर इंग्रजांच्या लेखी मात्र ती चाचेगिरी! (आपण मराठीत ‘जंजिऱ्याचे चाचे’ किती सहज म्हणतो, हेही तपासावे.)

शारजाचे शासक सुलतान अल् कासिमी यांनी १९८६ च्या ग्रंथात मुंबईच्याच कागदांवरून चाचेगिरीचा आरोप खोडून काढला. त्यांचे वाचन मोलाचे आहे. पण ते स्वतः त्याच घराण्यातील असल्याने बचावाचा सूर लपत नाही. चार्ल्स डेव्हिस यांचा १९९७ चा ग्रंथ अधिक सावध आहे. कासिमींनी जहाजे लुटलीच नाहीत, असे म्हणता येत नाही. प्रत्येक घटनेत जहाज कोणाचे, वैर कोणाशी व नोंद कोणाची, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.